माळिणीची चार वाक्यं

"नाव सांग ना गं! स्वतःचंच नाव आहे, पाठ थोडंच करायचंय?"

हॉलभर हशा पिकला. सुगंधा मधोमध उभी होती, स्कर्टची कड बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. चाळीस मुली सतरंजीवर गोल करून बसलेल्या. भिंतीवर कापडी फलक होता, 'मुलींचे व्यक्तिमत्त्व विकास शिबीर, मे १९८३'. प्रत्येकीनं मध्ये यायचं, नाव, शाळा, छंद सांगायचा आणि टाळ्या घेऊन बसायचं. सुगंधाच्या आधीच्या अकराजणी बसल्या होत्या. कुणाला पोहणं आवडायचं, कुणाला पोस्टाची तिकिटं जमवणं. सुगंधाचं तोंड उघडत होतं, आवाज येत नव्हता.

शेवटी मागून अनुपमा म्हणाली, "ताई, ही आमच्या जानकीबाईंची मुलगी. पोळ्यांच्या."

झाली ओळख. टाळ्याही वाजल्या.

सुगंधा गुणाजी घाडी आता एकोणीस वर्षांची आहे. भांडुपच्या एका औषधाच्या कारखान्यात बाटल्यांना लेबलं चिकटवते. तिथल्या बायका तिला 'मुकी' म्हणतात, ती रागावत नाही. त्या बायकांना कुणी सांगितलं, की ही मुलगी एका दुपारी तीनशे माणसांना खदाखदा हसवून गेली होती, तर त्या म्हणतील, "जा गं, काहीही फेकू नकोस." म्हणून हे सगळं सांगायचं.

तिचा बाप गुणाजी परळच्या मिलमध्ये माग चालवायचा. ब्याऐंशीच्या जानेवारीत संप झाला आणि तो घरी बसला. पहिले दोन महिने तो सभांना जायचा, घोषणा देऊन घसा बसवून यायचा. नंतर कांजूरमार्गच्या चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडायला लागला. आई जानकीनं मुलुंडमध्ये तीन घरच्या पोळ्या धरल्या. त्यातलं एक घर उत्तराताईंचं. उत्तराताई महिला मंडळाच्या चिटणीस होत्या, आणि दर मे महिन्यात मुलींचं शिबीर त्याच घ्यायच्या. अनुपमा त्यांची मुलगी. पण शिबिरात तिनंही आईला 'ताई'च म्हणायचं, असा नियम होता.

"फी राहू दे गं जानकी," उत्तराताई म्हणाल्या होत्या. "मुलगी पाठव. दरवर्षी गावी जाता, यंदा नाही जमणार ना? मग घरी बसून काय करील? चार गोष्टी शिकेल."

खरं होतं ते. चाळ मे महिन्यात निम्मी रिकामी झाली होती. सगळे एस.टी.नं मालवण, देवगड, कणकवलीला पळाले होते. घाड्यांचं बिऱ्हाड तेवढं राहिलं होतं.

सुगंधा शिकली, पटापट शिकली. आठ दिवसांत तिची लेझीम सगळ्यांत खणखणीत वाजायला लागली. मोडलेल्या हाताला झोळी कशी बांधायची ते ती इतकं नीट करायची, की प्रथमोपचाराच्या बाईंनी तिलाच दुसऱ्यांना दाखवायला उभी केली. डबे सगळ्यांनी एकत्र खायचे, हाही नियम. अनुपमाच्या डब्यात आणि सुगंधाच्या डब्यात एकाच हातच्या पोळ्या.

"तुझ्या आईच्या पोळ्या आमच्याकडे जास्त मऊ असतात बघ," अनुपमा म्हणाली.

"तुमच्याकडे तूप असतं," सुगंधा म्हणाली.

दोघी हसल्या. वैर नव्हतं त्यांच्यात, हे सांगायलाच हवं.

बाराव्या दिवशी चिठ्ठ्या टाकून दोन मिनिटं बोलायचं होतं. सुगंधाला चिठ्ठी आली, 'आमच्या घरातील एक वस्तू'. ती घरच्या पाण्याच्या पिंपावर बोलली. पिंपाला कोण कोण शिव्या देतं, नळ गेल्यावर तेच कसं देवासारखं वाटतं, शेजारची बाई रात्रीतून दोन तांबे कशी चोरते. मुली पोट धरून हसल्या. उत्तराताईंनी तिला जवळ घेतलं.

"बघा, पोरींनो! पहिल्या दिवशी हिला नाव सांगता येत नव्हतं. शिबीर शिबीर म्हणतात ते याच्यासाठी."

त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं. तेही खोटं नव्हतं.

त्याच दिवशी त्यांनी जाहीर केलं, की समारोपाला श्यामकांत सर येणार आहेत. श्यामकांत सर बालनाट्यं बसवायचे. दिवाळीत त्यांचं नवं नाटक होतं, दहा-बारा प्रयोग ठरलेले, आणि त्यांना एक मुलगी हवी होती. एकच. ती ते समारोपाच्या नाटुकल्यातून निवडणार होते.

नाटुकलं उत्तराताईंनी स्वतः लिहिलं होतं. गर्विष्ठ राजकन्या माळिणीची बाग उधळते, मग तिला पश्चात्ताप होतो, मग सगळे झाडं लावतात. राजकन्या अनुपमा. माळीण सुगंधा. माळिणीला वाक्यं चारच होती.

सुगंधा उड्या मारत घरी आली. "बाबा, मी नाटकात आहे!"

गुणाजी भिंतीकडून या कुशीवर वळला. "खंयच्या?"

"शिबिरातल्या. माळीण आहे. आणि तिथे एक सर येणारेत, ते एका मुलीला मोठ्या नाटकात घेणार. तिकिटाच्या! मला घ्यायला हवं, बाबा. काहीही करून मलाच."

गुणाजी उठून बसला. चाळीत कुणाला ठाऊक नव्हतं, पण गावच्या जत्रेत हा माणूस दशावतारात राजा व्हायचा. मिलमधून रजा काढून दरवर्षी जायचा. दशावताराला पुस्तक नसतं. गोष्ट काय ते आधी ठरवायचं, आणि तोंडाला रंग लागला की ज्याचं त्यानं आपल्या बुद्धीनं बोलायचं. गुणाजीचा राजा बोलायला लागला की समोरचा राक्षससुद्धा घामाघूम व्हायचा, असं गावात सांगत.

"बोल बघया तुझी वाक्यां."

सुगंधानं हात जोडले. "राजकन्ये, ही फुलं तोडू नका. ही बाग माझ्या हातची आहे. क्षमा करा, चुकले. राजकन्येचा विजय असो."

"हां. मगे?"

"एवढीच."

"फुलां तिनां तोडल्यान, आणि माफी तू मागतंस?"

"तसंच लिहिलंय."

गुणाजी खूप दिवसांनी हसला. त्यानं खांद्यावर टॉवेल राजाच्या शेल्यासारखा टाकला आणि उभा राहिला. "चल. मियां राजकन्या."

"बाबा, तुम्हाला मिशी आहे!"

"गप. आमच्याकडे राण्यांकय मिशी आसता, दाढी करून येतत. बोल."

रोज संध्याकाळी तालीम सुरू झाली. जानकी पोळ्या करून दमून यायची, दारात उभी राहून बघायची. सव्वा वर्षात नवरा असा ताठ उभा राहिलेला तिनं पाहिला नव्हता. मग चहात अर्धा चमचा साखर जास्त घालायची.

"अगो, निस्ता पाठ कित्या करतंस?" गुणाजी सांगायचा. "पाठ केलेला इसारता. समोरच्याच्या तोंडाकडे बघ. तो अडाकलो, तर तेका एक प्रश्न घाल. प्रश्न म्हणजे हात देणां. तो धरून माणूस वर येता. आणि तो बोललो, की तेचोच शब्द पकडून फुडे जावचां."

"पण ताई म्हणतात, लिहिलंय तेवढंच बोलायचं."

"अडाकलो तर म्हणतंय मियां. रंगावर कोणाक एकट्याक सोडूचा नाय. तां पाप."

समारोपाला हॉल भरला होता. पुढे खुर्च्या, मागे सतरंज्या, त्याच्यामागे उभी माणसं. गुणाजी इस्त्रीचा शर्ट घालून सगळ्यांत मागे. जानकी पडद्यामागे, कारण पाहुण्यांचा चहा तिच्याकडे होता. पहिल्या रांगेत मध्यभागी श्यामकांत सर, मांडीवर शबनम पिशवी.

नाटुकलं सुरू झालं. अनुपमा मखमली परकरात डौलानं आली, क्रेप कागदाची फुलं ओरबाडली. सुगंधानं पहिलं वाक्य म्हटलं. दुसरं म्हटलं. आता राजकन्येचं लांबलचक भाषण होतं, जवळजवळ एक पान.

"मूर्ख माळिणी! मी… मी या…"

अनुपमा थांबली.

विंगेतून उत्तराताई कुजबुजल्या, "मी या राज्याची एकुलती एक…" तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. अनुपमाला ऐकू गेलं नाही. तिचे डोळे मोठे झाले होते, हातात फूल तसंच होतं. सुगंधानं तिच्या तोंडाकडे पाहिलं. माणूस अडकलंय, हे तिला कळलं. आणि अडकलेल्याला काय द्यायचं, हेही तिला माहीत होतं.

"मूर्ख तर मूर्ख, राजकन्ये," ती म्हणाली. "पण एवढं सांगा, तुम्ही हातात धरलंय ते फूल कशाचं?"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. सुगंधा वाट पाहत उभी राहिली. आता ही काहीतरी म्हणेल. गुलाबाचं म्हणेल, मोगऱ्याचं म्हणेल, काहीही चालेल.

अनुपमानं फुलाकडे पाहिलं. "मला… मला नाही माहीत."

हॉल हसून कोसळला. सुगंधाला आनंद झाला. बोलली! वर आली! आता तिचाच शब्द पकडायचा.

"माहीत नाही आणि तोडलंत? बरं, फुलाचं जाऊ दे. राज्यातल्या माणसांची तरी नावं ठाऊक आहेत का? की तीही अशीच?"

टाळ्या. शिट्ट्या. अगदी मागून गुणाजीचा आवाज, राजाचा, थेट जत्रेतला: "वा गो वा! माझा चेडू ता, माझी पोर!"

अनुपमाचा ओठ हलला. ती स्टेजवर मटकन बसली आणि परकरात तोंड घालून रडायला लागली. सुगंधा तिच्याकडे धावली. "अगं, उत्तर दे ना! काहीही दे!" पडदा पडला. टाळ्या चालूच होत्या.

पडद्यामागे उत्तराताईंनी तिचा दंड धरला.

"कुणी सांगितलं होतं तुला? कुणी लिहिलं होतं हे?"

"ती अडकली होती, ताई. मी तिला हात दिला."

"हात दिलास? तीनशे माणसांसमोर माझ्या मुलीचं हसं केलंस!"

"तिनं उलट बोलायचं होतं. मी जागा दिली होती तिला बोलायला…"

"बास! लिहिलेली चार वाक्यं धड म्हणता येत नाहीत!"

जानकी ट्रे घेऊन उभी होती. कपांत चहा डुचमळत होता. तेवढ्यात पडदा बाजूला सारून श्यामकांत सर आत आले.

"कुठंय ती माळीण? कुठं शिकलीस गं हे?"

"बाबांकडे."

"व्वा. बाबांना माझा नमस्कार सांग. दिवाळीच्या नाटकात चेटकीण आहे, ती तुझीच. तालमी ठरल्या की उत्तराताईंकडे निरोप ठेवतो. चालेल ना, ताई?"

"हो, हो. का नाही?" उत्तराताई म्हणाल्या, आणि त्यांनी हसून दाखवलं.

गुणाजीनं त्या दिवशी चाळीतल्या प्रत्येक दाराशी थांबून सांगितलं. चेटकिणीचं हसणं कसं असावं, यावर बापलेकींची दोन दिवस चर्चा चालली. शेजारच्या तान्ह्या पोरानं भोकाड पसरलं, तेव्हा हसणं ठरलं.

निरोप आला नाही.

"आई, काय म्हणाल्या ताई?"

"काय नाय."

"आज विचारलंस?"

"इचारलंय. सरांचा काय ठरूक नाय अजून."

जून गेला, शाळा सुरू झाली. जुलै गेला. गुणाजी एकदा शर्ट चढवून निघाला, "मियां जातंय, इचारून येतंय." जानकी दारात आडवी उभी राहिली. "मोठ्या लोकांका घाय केलेली आवडना नाय. गप ऱ्हवा." तो गप राहिला. पण सुगंधा मुलुंडला कधी गेली, की आल्याबरोबर त्याचा प्रश्न असे, "सर दिसले?"

ऑगस्टच्या शेवटी जानकीला ताप भरला. आज पोळ्यांना येत नाही, एवढं सांगायला सुगंधा मुलुंडला गेली. वाटेत शिबिराचा तो हॉल. आतून चेटकिणीचं हसणं ऐकू आलं. ती फाटकाशीच थांबली. बाहेर पायरीवर श्यामकांत सर काचेच्या ग्लासातून चहा पीत बसले होते.

"अरे! माळीण ना तू? गावाहून कधी आलीस?"

"कुठल्या गावाहून, सर?"

"अगं, तुमचं बिऱ्हाड कायमचं गावी गेलं ना? संपामुळे."

"नाही. आम्ही कांजूरलाच आहोत."

सरांनी ग्लास खाली ठेवला. "मी स्वतः गेलो होतो उत्तराताईंकडे. समारोपानंतर आठवड्याभरातच. त्या म्हणाल्या, ते लोक गावी चाललेत. तुझी आईच तिथं पोळ्या लाटत होती. तीही हो म्हणाली. मी पंधरा दिवस चेटकीण रिकामी ठेवली, म्हटलं येईल परत. शेवटी दुसरी घेतली. आता पोरगी तयार झालीय गं, तिला कशी काढू?"

"अनुपमा आहे का?"

"छे. ती म्हणते, स्टेजवर पाऊल ठेवणार नाही." सर उठले. जरा चिडलेच. "एकदा येऊन सांगायचंस तरी! बोलतेस तर एवढी!"

सुगंधा उत्तराताईंकडे गेलीच नाही. तशीच घरी आली. गुणाजी नाक्यावर गेला होता. जानकी चटईवर पांघरूण घेऊन पडली होती.

"सरांना काय म्हणालीस तू?"

जानकीनं डोळे मिटून घेतले.

"आई, मी तुला विचारतेय!"

"हळू बोल. भिंतीक कान आसत."

"असू देत!"

"उत्तरावैनीन माका इचारल्यान," जानकी छताकडे बघत म्हणाली, "'गावी चाललात ना, हो ना गं जानकी?' हातात लाटणां होतां. तव्यार पोळी होती. मियां हो म्हटलंय."

"का?"

"का इचारतंस? तुझो बापूस सव्वा वर्सा घरात. तिच्या वळखीन माका बाकीची दोन घरां मिळाली. तिचां चेडू तीन दिवस जेवला नाय तेवा. मियां बघलंय तेका. तेची आय कशी जळता, तांव बघलंय."

"आणि मी?"

"तुका काय, तू जेवत होतंस."

सुगंधा खाली बसली. ती म्हणाली, "मला सांगायचंस तरी. तीन महिने मी वाट बघतेय."

"सांगलंय असतंय तर तू जाऊन बोललंस असतंस. तुका आता बोलूक येता." जानकीनं तिचा हात धरला, हात कढत होता. "बापाशीक सांगा नको. तो थंय जाऊन उभो ऱ्हवात. तोंडाचो फाटको तो. तीनय घरां जातीत. तुझ्या पायां पडतंय."

जिन्यावर पावलं वाजली. गुणाजी आत आला, चपला काढता काढता त्यानं नेहमीचं विचारलं.

"सर दिसले?"

सुगंधानं आईकडे पाहिलं नाही.

"दिसले."

"मगे? काय म्हणाले?"

"त्यांनी दुसरी मुलगी घेतली, बाबा. म्हणाले, मी… लिहिलेलं बोलत नाही. मध्येच आपलं काहीतरी बोलते. तसं नाटकात चालत नाही, म्हणाले."

"पण तेवा तर…"

"तेव्हा सगळ्यांसमोर बरं म्हणाले. असं म्हणायची पद्धत असते."

गुणाजी एक चप्पल हातात धरून उभा राहिला. मग तो खाली बसला.

"म्हणजे माझांच चुकलां," तो म्हणाला. "ताई सांगी होती ना तुका, लिवलेलाच बोल म्हणान? तिचां बरोबर होतां. मियां अडाणी. माझ्यापायी तुझां गेलां."

"तसं नाही, बाबा."

"मगे कसां?"

सुगंधाकडे याला बोलायला खूप होतं. ती उठून पिंपातलं पाणी बघायला लागली.

संप मिटला नाही, विरून गेला. गुणाजीला मिलनं परत घेतलं नाही. तो एका इमारतीवर वॉचमन लागला. नोव्हेंबरात त्याचा थोरला भाऊ राजाराम गावाहून आला, जत्रेचं बोलावणं घेऊन.

"यंदा राजा तूच करूक व्हयो. गेल्या वर्सा इलंस नाय, लोक इचारतत."

"नको. दुसरो बघ."

"कित्या? आवाज बसलो काय?"

"आवाज आसा. बोलणां चलना नाय आता. ह्या चेडवाचां मोठां काम होतां, माझ्या शिकवण्यापायी गेलां. मोठ्या सरांनी सांगलां, असां बोलणां म्हणजे अडाणीपणा."

"खुळो की काय! खरां गो, सुगंधा? सर असां म्हणाले?"

जानकी स्टोव्हला पंप मारत होती. तिचा हात थांबला. गुणाजी लेकीकडे बघत होता. ती नाही म्हणाली असती तर त्याला हवंच होतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"तसंच म्हणाले, काका," सुगंधा म्हणाली.

राजाराम चहा पिऊन गेला. राजा दुसऱ्या कुणाला दिला. गुणाजी त्या वर्षी जत्रेला गेला नाही, पुढेही गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जानकी मुलुंडला निघाली. पदर खोचून दाराशी घुटमळली. गुणाजी ड्युटीवरून अजून आला नव्हता.

"मियां सांगतंय तेका सांजेक," ती हळू म्हणाली. "काय ता खरां सांगान टाकतंय. बघवना नाय माका."

"सांगितल्यावर मुलुंडला जाणार नाहीस?"

जानकीनं चपलेत पाय घातला. "जावक तर व्हयाच."

"बाबा जाऊ देतील?"

जानकीनं दुसरी चप्पल पायात सरकवली.

"मग नको सांगूस," सुगंधा म्हणाली, आणि शाळेची वेणी घालायला बसली.